दुपारच्या चिखलाचे टायर

हार्लन ब्रेकेला मागता येत नसे. पैसाअडका तर सोडाच, साधं मीठसुद्धा. जेवताना मिठाची बाटली टेबलाच्या पलीकडच्या टोकाला असली तर तो उठून, टेबलाला वळसा घालून मिठापर्यंत जाई. त्याची बायको लव्हॉन म्हणे, "हार्लन, तोंड दिलंय ना देवाने तुला?" लग्नाचंसुद्धा त्याने विचारलं असं म्हणता येणार नाही. तिच्या वडिलांच्या अंगणात पिकअप उभी करून, टोपी हातात घेऊन तो एवढंच म्हणाला होता, "घरात नवी शेगडी बसवलीय. एकट्याला जरा मोठी होते." लव्हॉनने तेवढ्यावरून काय ते समजून घेतलं. समजली नसती तर आजपर्यंत वाट बघत बसली असती.

पण एकट्या हार्लनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दक्षिण डकोटाच्या पश्चिमेकडचा तो सगळा मुलूखच तसा. गुरं भरपूर, वारा भरपूर, शब्द मात्र मोजके. समोरून पिकअप आली की ओळखीची खूण म्हणून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. दोन उचलली तर माणूस भावनाप्रधान समजला जातो. कसं काय, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "तक्रार नाही." गारपिटीत गहू झोपलेला असो, गोठ्याचं छप्पर उडालेलं असो, माणूस स्वतः ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला असो, तक्रार नाही. या दोन शब्दांनी तिकडे किती लोकांचं वाटोळं केलं असेल त्याची गणती नाही, आणि ब्रेके नवराबायकोचंही ते करायला निघाले होते.

लव्हॉनच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या त्याला दोन वर्षं होत आली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला गावातल्या इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागे. तिथे मशीनशेजारी मोठ्या आरामखुर्च्या होत्या, आणि कोणाची वेळ कुठली हे खुर्चीवरूनच बोललं जाई. सकाळी सहाची खुर्ची, दुपारची खुर्ची. लव्हॉनला दुपारची मिळाली होती. नर्स शॉनाने पहिल्या दिवशी विचारलं, "दुपारची चालेल ना?" लव्हॉन म्हणाली, "तक्रार नाही." झालं, तिथून पुढे ती दुपारची झाली.

आता दुपारची खुर्ची म्हणजे काय, हे हार्लनच्या घरापासून डांबरी सडकेपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावरून ज्याने मार्चमध्ये गाडी घातली असेल त्यालाच कळेल. तिथली माती म्हणजे गंबो. वाळली की सिमेंट. ओली झाली की साबण आणि डिंक, दोन्ही एकाच वेळी. अंगणातून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेलं तरी माणूस बुटाला चिकटलेल्या मातीने वीतभर उंच होऊन परत येतो. उन्हाळ्यात काही नाही, हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठलेली, तेव्हाही काही नाही. पण हिवाळा उतरायला लागला की रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, हा खेळ दीड-दोन महिने चालतो. त्या दिवसांत दुपारी त्या रस्त्याला शहाणा माणूस लागत नाही. एक तर अडकतो. दुसरं म्हणजे, त्याच्या चाकांनी चाकोऱ्या पडतात, त्या रात्री गोठतात, आणि मग त्या रस्त्यावरचा प्रत्येकजण आठवडाभर दात आपटत जातो. ओल्या रस्त्यात चाकोऱ्या पाडणाऱ्या माणसाला तिकडे कोणी बोलत नाही, फक्त बोट उचलणं बंद होतं.

मागच्या वर्षीचे ते दोन महिने त्या दोघांनी कसे काढले? पहाटे रस्ता कडक असताना निघायचे आणि उजाडता उजाडता इस्पितळाच्या आवारात पोचायचे. खुर्ची दुपारी. तोवर पिकअपमध्ये बसायचं. गावात ओळखीची घरं काय कमी होती? पण सकाळी सकाळी कोणाच्या दारात जाऊन सोफा अडवायचा, हे दोघांनाही शक्य नव्हतं. लव्हॉन गोधडी पांघरून खिडकीला डोकं टेकून झोपे, हार्लन हीटर लावी, बंद करी, परत लावी. मग दुपारी चार तास मशीन. मशीनवरून उठलेला माणूस पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा होतो, त्याला स्वतःचा बिछाना हवा असतो. पण तोवर घरच्या रस्त्याची रबडी झालेली असे, म्हणून पुन्हा पिकअपमध्येच, अंधार पडून रस्ता आवळेपर्यंत. मे महिना आला तेव्हा लव्हॉनचं वजन किती उतरलं होतं ते हार्लनला तिच्या अंगठीवरून कळलं. ती अंगठी आता अंगठ्यात घालत होती.

तेव्हाच ती म्हणाली होती, "हार्लन, असा आणखी एक वसंत मी नाही काढणार."

एवढं लांब वाक्य ती फार क्वचित बोले. मुलगा कर्ट रॅपिड सिटीत राहायचा. त्याने घरामागची खोली रंगवून तयार ठेवली, इस्पितळ तिथून पाच मिनिटांवर. "डॅड, हट्ट सोड," तो फोनवर म्हणायचा. "गुरं शेजारच्या वेसला विकून टाक. आईकडे बघ जरा." हार्लन म्हणायचा, "बघतोय." खोटं नव्हतं, तो तेवढंच बघत होता. जायचं तर तो गेलाही असता. त्याला गुरांचं फारसं वाटत नव्हतं, जमिनीचंही एक वेळ नाही. पण लव्हॉन त्या घरात लग्न होऊन आलेली. तिने लावलेली झाडं वाऱ्याच्या बाजूला छपराएवढी झाली होती. शहरातल्या त्या रंगवलेल्या खोलीत ती खुर्चीवर बसेल, तक्रार नाही म्हणेल, आणि वर्षभरात विझून जाईल, याची त्याला खात्री होती. ते तोंडाने कसं सांगायचं हे मात्र माहीत नव्हतं.

जे तोंडाने जमत नाही ते माणूस वस्तूंनी करायला जातो. हार्लनने टायर घ्यायचं ठरवलं.

सबंध हिवाळा त्याने टायरांचा अभ्यास केला. रबराचे म्हशीएवढे ठोकळे असलेले चिखलासाठीचे मड टायर, मध्यम नक्षीचे, सगळ्या रस्त्यांना चालणारे ऑल-टेरेन, रुंद, अरुंद, बाजूची भिंत किती जाड. लव्हॉन शेजारी विणत बसलेली, आणि हा चष्मा कपाळावर चढवून टायरांची चित्रं असलेली पुस्तकं चाळत बसलेला. "इतकं तर तू माझ्याकडेही बघितलं नव्हतंस," ती एकदा म्हणाली. हार्लनचे कान लाल झाले. पण त्याने पान उलटलं नाही.

फेब्रुवारीत त्याने मड टायर बसवून घेतले. ट्रूडी हेगलच्या दुकानात. ट्रूडीच्या बापाचं टायरचं दुकान, बाप गेल्यावर तिने चालवलं. साठीला टेकलेली, आवाज कॉम्प्रेसरच्या वर जाईल असा, आणि सगळ्या मुलखात तिच्या एकटीच्याच तोंडात तक्रार नावाची गोष्ट शिल्लक होती. ती म्हणाली, "कशाला हवेत तुला हे? तेलविहिरींवरची पोरं घेतात असले, मुलींना दाखवायला."

"चिखलाला," हार्लन म्हणाला.

"कुठल्या?"

"चिखलाला," हार्लन पुन्हा म्हणाला, आणि बोलणं संपलं. टायर बसले. पिकअप वीतभर उंच दिसायला लागली, आणि लव्हॉनला चढायला त्याने लाकडाचा एक ठोकळा करून दिला. त्या टायरांकडे बघून हार्लनला बरं वाटत असे. सकाळी कॉफीचा कप घेऊन तो उगाच त्यांच्याभोवती एक चक्कर मारी.

मार्चच्या मध्यावर पहिली ऊब आली. बुधवार होता. दुपारच्या खुर्चीसाठी दोघं घरातच जेवून, नीट कपडे करून, उन्हं वर आल्यावर निघाले. हार्लनच्या मनात होतं ते हेच. थांबणं नाही, गोधडी नाही, आवारात बसणं नाही. पहिला मैल झकास गेला. लव्हॉन म्हणालीसुद्धा, "बरे आहेत."

दुसऱ्या मैलाला गंबो त्या मोठमोठ्या ठोकळ्यांच्या मधे जाऊन बसला. तिसऱ्याला टायरची नक्षी दिसेनाशी झाली. चार गोल, गुळगुळीत, मातीचे गोटे फिरत होते, आणि पिकअप पुढे जायच्याऐवजी आडवी चालली होती. हार्लनने स्टिअरिंग फिरवलं, गाडीने ते मनावर घेतलं नाही. चढाच्या अलीकडे ती शांतपणे, एखादी म्हातारी खाली बसते तशी, कडेच्या चरात जाऊन बसली.

हार्लन दोनदा उतरला, फावड्याने माती काढली, पुन्हा चढला. चाकं जागच्या जागी फिरत होती आणि रस्त्याला हातभर खोल चाकोऱ्या पडत होत्या. लव्हॉन पर्स मांडीवर धरून समोर बघत होती. शेवटी शेजारचा वेस लोव्हरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, त्याने लांबून पाहिलं होतं. त्याने साखळी लावली, गाडी ओढली, डांबरी सडकेपर्यंत नेऊन सोडली, चाकोऱ्यांकडे एकदा पाहिलं, टायरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "देखणे आहेत." याहून कडक शब्द वेसने आयुष्यात कोणाला वापरला नसेल.

इस्पितळात पोचायला दीड तास उशीर झाला. शॉनाने लव्हॉनला खुर्चीत बसवलं, सुया लावल्या, मग हार्लनला दारापाशी नेऊन म्हणाली, "आज पूर्ण वेळ नाही देता येणार. उशीर पुन्हा झाला तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल. हे असं अर्धं अर्धं तिच्या हृदयाला झेपणार नाही, हार्लन." हार्लनने मान हलवली. तो परत खुर्चीपाशी गेला तेव्हा लव्हॉन डोळे मिटून होती. तिने ते उघडले नाहीत. म्हणाली, "कर्टला फोन कर."

"करतो."

"आज कर."

हार्लन बाहेर आला. फोन खिशात होता. तो त्याने काढला, पाहिला, परत ठेवला आणि पिकअपमध्ये बसून ट्रूडीच्या दुकानात गेला. का गेला हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. टायर परत करायचे, असं काहीतरी मनात असावं. पण टायर परत करणं म्हणजे तक्रार.

दुकानात कॉफीच्या यंत्राशेजारी गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या मधल्या खुर्चीत अल्व्हिन शॅट्झ नेहमीप्रमाणे हनुवटी छातीवर टेकवून झोपला होता. अल्व्हिन विधुर, गावातच राहणारा, एके काळी गायी पाळून दूध विकणारा. दुपारभर तो तिथेच असे. घर रिकामं खायला उठतं, कॉम्प्रेसरच्या आवाजात मस्त झोप लागते, असं त्याचं म्हणणं. ट्रूडी त्याच्याभोवतीनं झाडून घेई.

तिने हार्लनकडे पाहिलं. टोपीपासून बुटापर्यंत हार्लन मातीचा झाला होता. एका भुवईवर गंबोचा गोळा वाळला होता.

"कसे आहेत टायर?" तिने विचारलं.

"तक्रार नाही," हार्लन म्हणाला.

ट्रूडीने हातातला पाना बाकावर आपटला. "हार्लन ब्रेके, तू चरात गेला होतास."

"थोडा."

"थोडा? तुझ्या दातांत माती आहे. लव्हॉन गाडीत होती?"

हार्लनने मान डोलावली. मग काय झालं कोणास ठाऊक, त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडायला लागले. फार नाही, पण त्याच्या हिशेबाने पूर. उशीर झाला. मशीन आज अर्धंच होणार. शॉना म्हणते हृदयाला झेपणार नाही. मागच्या वर्षी पहाटे येऊन दुपारपर्यंत गाडीत बसलो, तेही आता तिला नको. कर्टला फोन करायचाय. घर सोडायचं. "याहून मोठे ठोकळे असतात का, ट्रूडी?" तो म्हणाला. "असले तर दे. शेवटचं बघतो." आणि त्याचा आवाज मधेच फाटला. ट्रूडीने त्याच्याकडे बघायचं सोडून खिडकीबाहेर पाहिलं, आणि हे तिने फार चांगलं केलं.

"बस," ती म्हणाली. कॉफी ओतून त्याच्या हातात दिली. "आता ऐक. तेव्हाच सांगणार होते, पण तू दोन शब्द बोललास आणि गप्प बसलास. हे टायर पातळ चिखलाचे. चाक जोरात फिरलं की ठोकळ्यांमधून चिखल उडून जातो. गंबो उडत नाही. गंबो येऊन राहतो, भाडं न देता. मग तुझी चार चाकं म्हणजे साखर लावलेले चार डोनट. याच्याहून मोठे घेतलेस तर मोठे डोनट होतील, एवढंच."

"मग ऑल-टेरेन?"

"त्यांचेही डोनट होतील. जरा उशिरा." ट्रूडीने खुर्ची ओढली. "गंबोत चालणारा टायर अजून कोणाला करता आलेला नाही. तुला माहीत आहे ते, तुझा जन्म त्यात गेला. गंबो गोठलेला असताना त्याच्यावरून निघून जायचं असतं. आणि त्याला ऑल-टेरेनसारखा टायर नाही. त्याच्या ठोकळ्यांवर बघ, ह्या बारीक बारीक चिरा. त्या बर्फाच्या पापुद्र्याला धरतात. तुझे हे मोठे ठोकळे त्याच्यावरून घसरतात नुसते. तेव्हा प्रश्न चिखल कुठला हा नाहीच, हार्लन. किती वाजताचा, हा आहे. तू निघतोस कधी?"

"दुपारची खुर्ची आहे."

"मग सकाळची घे."

"सकाळची नाही रिकामी. कोणाची तरी असेल."

"कोणाची?"

"विचारलं नाही."

"दोन वर्षांत?"

"एखाद्याला सोयीची असेल," हार्लन म्हणाला. "आपण कशाला मधे पडायचं? विचारलं की त्या माणसाला नाही म्हणायला अवघड जातं."

मधल्या खुर्चीतून खोकल्याचा आवाज आला. अल्व्हिन शॅट्झने एक डोळा उघडला होता. बऱ्याच वेळापूर्वी उघडला असावा.

"लव्हॉन दुपारी येते ते तिला सोयीचं म्हणून नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"मला वाटलं, सकाळी तुमची गुरं असतात. त्यांचं सगळं उरकून मग निवांत येत असाल."

हार्लनने त्याच्याकडे पाहिलं. अल्व्हिनच्या डाव्या दंडावर शर्टाच्या आत पट्टीचा फुगवटा दिसत होता. तसाच लव्हॉनच्या हातावर असे. हार्लन दर खेपेला त्याला इस्पितळाच्या दारात भेटत होता, दहाला मशीन संपलं तरी अल्व्हिन दुपारचं तिथेच जेवून बाहेर पडायचा, तेव्हा ही दोघं आत शिरत असत. हार्लनला वाटलं होतं, अल्व्हिन तिथे कुणाला तरी भेटायला येत असेल. कसं काय अल्व्हिन? तक्रार नाही. तुझं हार्लन? तक्रार नाही. एवढं बोलून दोन वर्षं दोघं एकमेकांना दार धरून उभे राहत होते.

"सहाची खुर्ची माझी आहे," अल्व्हिन म्हणाला.

 कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला.

"सोयीची आहे?" हार्लनने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखाद्या माणसाला असं सरळ विचारलं असेल.

अल्व्हिन बूट बघत राहिला. म्हाताऱ्याचा चेहरा लाल होत होता. "चाळीस वर्षं मी पहाटे चारला उठून गायी पिळल्या," तो म्हणाला. "ख्रिसमसला. ताप असताना. माझी मार्लीस गेली त्या दिवशीसुद्धा. गायी विकल्या तेव्हा मी गजराचं घड्याळ शेतातल्या तळ्यात फेकून दिलं. त्यानंतर शॉना म्हणाली, सहाची खुर्ची चालेल ना. तेव्हा मी—" तो थांबला. पुढचं सांगायची गरजच नव्हती.

"तू काय म्हणालास ते मी सांगते," ट्रूडी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती आणि तिच्या गळ्याशी लाल चट्टे उठले होते. "म्हणून तू इथे घोरत पडतोस रोज! इस्पितळासमोर राहतोस, दुपारी चालत जाऊ शकतोस, आणि चारला उठतोस. आणि हा शहाणा दिवस उजाडायच्या आधी बायकोला गाडीत घालून आणत होता आणि दुपारपर्यंत पार्किंगमध्ये गोठवत होता. दोघं एकमेकांना दार धरता. अरे, तुम्हाला धरून एकमेकांवर आपटायला हवं."

"ट्रूडी," अल्व्हिन म्हणाला, "मी तक्रार—"

"तो शब्द इथे काढलास तर कॉफी बंद."

मग अल्व्हिन हसला. आधी नाकातून, मग पोट हलायला लागलं. हार्लनलाही हसू येत होतं, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते भुवईवरच्या गंबोला भिजवून खाली घेऊन चाललं होतं.

दोघं चालतच इस्पितळात गेले. शॉनाने ऐकून घेतलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले. "दर महिन्याला मी तुम्हाला विचारते वेळ ठीक आहे का," ती म्हणाली. "दर महिन्याला. दोघांना."  बदलाबदल करायला तिला कॉफी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. अल्व्हिन घरी गेला आणि ट्रूडी सांगते की त्यानंतर तो तिच्या दुकानात सकाळी येतो, जागा असतो आणि भयंकर बोलतो.

लव्हॉनला हार्लनने खुर्चीशी बसून सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "तू मागितलीस?"

"तशी ट्रूडीने..." हार्लन म्हणाला. मग त्याने टोपी काढली. "मी विचारलं. सोयीची आहे का म्हणून."

लव्हॉनने सुया नसलेला हात पुढे करून त्याच्या भुवईवरची माती नखाने खरवडली. "मीसुद्धा विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी." ती रडली नाही, पण बराच वेळ ती माती खरवडत राहिली, संपली होती तरी.

गुरुवारी ट्रूडीने ते देखणे टायर काढले आणि ऑल-टेरेन चढवले. देखणे टायर दुसऱ्याच दिवशी तेलविहिरीवरच्या एका पोराने नेले. नवे टायर दिसायला अगदीच साधे होते, कॉफीचा कप घेऊन चक्कर मारावी असं त्यांच्यात काही नव्हतं. लव्हॉनला चढायला ठोकळा लागला नाही.

शुक्रवारी दोघं पहाटे निघाले. रस्ता गोठून खणखणत होता. हार्लनने स्वतः पाडलेल्या चाकोऱ्याही गोठल्या होत्या, आणि त्यांच्यावरून जाताना दोघांचे दात वाजले तेव्हा लव्हॉन म्हणाली, "ही कोणाची कामगिरी?" चढावर बर्फाचा पातळ पापुद्रा चकाकत होता. हार्लनने श्वास धरला. टायरांनी पापुद्रा धरला. पिकअप सरळ वर गेली, आणि वर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण स्टिअरिंग इतकं घट्ट धरलंय की बोटं उघडत नाहीत. समोरून वेस लोव्हरी गाडी घेऊन येत होता. त्याने बोट उचललं. हार्लनला ते बघून बरं वाटलं, फारच बरं वाटलं.

दहाला मशीन संपलं. पूर्ण. लव्हॉन थकलेली होती, पण ऊन अजून कोवळं होतं, रस्ता अजून दीडेक तास टिकला असता आणि घरचा बिछाना समोर होता. हार्लनने गाडी चालू केली तेव्हा ती म्हणाली, "गुरांच्या खाद्याच्या दुकानाशी थांबव."

"काय हवंय? मी उद्या आणतो."

"थांबव."

"लव्हॉन, रस्ता मऊ होईल."

"मग लवकर थांबव."

ती एकटीच आत गेली. हार्लन इंजिन चालू ठेवून बसला. सूर्य वर येत होता आणि दुकानाच्या छपरावरचं पाणी टपकायला लागलं होतं. ती बाहेर आली ती दोन्ही हातांत भोकं पाडलेली पुठ्ठ्याची एक पेटी घेऊन. ती तिने मांडीवर घेतली. पेटीच्या आतून बारीक बारीक आवाजांचा कल्लोळ चालला होता. कोंबडीची पिल्लं. एक-दोन दिवसांची, पिवळी, पंचवीस.

हार्लनने हीटर वाढवला आणि गाडी काढली.  कच्च्या रस्त्याला लागला तेव्हा वरचा पापुद्रा विरघळून मातीला नुकता पाझर सुटायला लागला होता. मागचा टायर एकदा हलकेच सरकला, परत जागेवर आला. शेवटच्या चढावर हार्लनने ना वेग वाढवला, ना ब्रेक दाबला. खालचा थर अजून कडक होता. त्या बारीक चिरांनी तो धरून ठेवला. पिकअप शेवटची चढण चढून अंगणात उतरली, आणि मागे वळून बघितलं तर रस्त्यावर चाकांच्या दोन फिकट रेघा होत्या, बाकी काही नाही.

हार्लन इंजिन बंद करून तसाच बसला.  लव्हॉन पेटीच्या भोकातून एक बोट आत घालून बसली होती, आणि आत ते बोट कोणीतरी टोचत होतं.

"चांगली जात आहे," ती म्हणाली. "थंडीत टिकते."

"अंडी कधी द्यायला लागतील?" हार्लनने विचारलं.

लव्हॉनने मनातल्या मनात महिने मोजले. दोन वर्षांत ती पुढच्या शुक्रवारपलीकडचं कधी बोलली नव्हती.

"ऑगस्टअखेर," ती म्हणाली. "कर्टला फोन करून सांग, खोली दुसऱ्या कोणाला दे म्हणावं. ऑगस्टमध्ये मला इथे अंडी गोळा करायची आहेत."